'उंदरांवर चाचणी झाली' म्हणजे काढा माणसाला सुरक्षित का?

लातूरच्या गंजगोलाईतून आणलेल्या गुळवेल-काडेचिराईताच्या काढ्याच्या बाटलीवर असं छापलंय, आणि सासरे शुगरच्या गोळीसोबत रोज तो घेतात, हा तुमचा प्रश्न. मी फार्मसीत शिकवतो, म्हणून थोडक्यात सांगतो.

बहुतेकदा ही चाचणी एकाच डोसची असते. तीन मादी उंदीर रात्रभर उपाशी ठेवतात आणि टोकाला गोळी असलेल्या वाकड्या सुईने काढा थेट पोटात सोडतात. डोस जास्तीत जास्त किलोमागे २००० मिलिग्रॅम. पहिले चार तास नजर हटवायची नाही: केस उभे राहतात का, लाळ गळते का, पिंजऱ्याच्या कोपऱ्यात मुटकुळं करून बसतो का. मग १४ दिवस वजन बघायचं. मेला नाही, की 'सुरक्षित'! (उंदराला उलटी होतच नाही, त्यामुळे कडू औषधाने मळमळतं की नाही हे त्यात कळणं अवघडच.)

रोज घ्यायच्या औषधाला २८ किंवा ९० दिवसांची चाचणी लागते. त्यात रक्तातली एसजीपीटी (यकृताला इजा झाली की वाढते) आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की वाढतं) तपासतात, यकृत-मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कंपनीला तोच अहवाल मागा. प्राण्यांच्या नैतिक समितीची मंजुरीही त्यात हवी.

तरी ते उंदीर तरणे, धडधाकट, कुठलीच गोळी न घेणारे. गुळवेलीनेही शुगर उतरू शकते आणि तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी २०२१ मध्ये मुंबईतून आल्या होत्या. सध्या काढा थांबवा, लिव्हरची तपासणी करून घ्या आणि बाटली घेऊनच डॉक्टरांकडे जा.