जुन्या इंजिनाला डिजिटल आवाज

प्रश्न : माझं एचओ मापाचं (१:८७) जुनं मॉडेल रेल्वेचं डिझेल इंजिन साध्या डीसी कंट्रोलरवर छान पळतं. त्यात आवाजाचा डीसीसी डिकोडर (रुळांतून येणाऱ्या डिजिटल आज्ञा ओळखून मोटर, दिवे आणि आवाज चालवणारं छोटं सर्किट) बसेल का? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : बसेल, पण आधी मोटर तपासा. जुन्या इंजिनांत मोटरचा एक ब्रश (फिरत्या भागाला वीज देणारा तुकडा) बऱ्याचदा थेट धातूच्या चासीला, म्हणजे सांगाड्याला, टेकलेला असतो आणि चासी एका रुळाशी जोडलेली. तसाच डिकोडर जोडलात तर वीज देताच तो जळू शकतो. मोटर सोडवा, खाली कॅप्टॉन टेप (वीज न वाहणारी, उष्णता सोसणारी) लावा, त्या ब्रशला स्वतंत्र वायर सोल्डर करा. मग मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (जोडणी असेल तर बीप वाजते) ठेवून पाहा : ब्रश आणि चाकं यांच्यात कुठेही बीप वाजता कामा नये.

१२ व्होल्टवर मोटर क्षणभरच अडवून प्रवाह मोजा. एचओचे बरेच डिकोडर १ अँपिअरच्या आसपास सोसतात. आकडा वर गेला तर मोटर बदललेली बरी.

डिकोडरची लाल वायर उजव्या रुळाची, काळी डाव्या रुळाची, नारिंगी-राखाडी मोटरला. निळी दिव्यांची सामाईक पॉझिटिव्ह, पांढरी पुढच्या दिव्याची. एलईडीला १ किलोओहमचा रेझिस्टर हवाच.

स्पीकर डिकोडरला चालेल तेवढ्याच ओहमचा घ्या आणि हवाबंद डबीत बसवा. उघडा ठेवलात तर पुढच्या-मागच्या लहरी एकमेकींना मारतात आणि आवाज पत्र्यासारखा येतो. जागा नसेल तर तुमच्या कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनातल्या वजनाचा ठोकळा मिलिंग करून (यंत्राने कोरून) घ्या. दोन्ही बोगींवर भार मात्र सारखा राहू द्या.

पहिली चाचणी प्रोग्रामिंग ट्रॅकवरच (डिकोडरची सेटिंग करायचा वेगळा रूळ), डिकोडरचा पत्ता, म्हणजे ओळख-क्रमांक, ३ ठेवून. तिथे प्रवाह मर्यादित असतो, त्यामुळे जोडणी चुकली तरी डिकोडर बहुधा वाचतो.