पीएचडीला निघण्याआधी: एक दाखला आणि एक त्रिकोण

ब्लूटूथसारख्या ॲड-हॉक नेटवर्कमध्ये, म्हणजे मध्यवर्ती केंद्राशिवाय उपकरणं आपसात जोडली जातात तिथे, क्षमता (कोणाला बोलायला किती वेळ) कशी वाटायची, यावर नेदरलँड्समध्ये पीएचडी करायची आहे, तर नाशिकहून निघण्याआधी काय तयारी करू, असं विचारलंस.

पहिलं काम जन्मदाखल्याचं. माझ्या दाखल्यावर बाबांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं निघालं आणि दुरुस्तीत दोन महिने गेले. त्यानंतर राज्याचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा शिक्का. इथे नेदरलँड्समध्ये आल्यावर नगरपालिकेत नोंद होऊन बीएसएन, म्हणजे इथला नागरिक सेवा क्रमांक मिळतो, आणि त्यावाचून पगाराचं घोडं अडतं. हो, पगारच! इथे पीएचडी बहुतेक वेळा साधारण 4 वर्षांची नोकरी असते. व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करतं, त्याची काळजी करू नकोस.

आता विषय. लासलगावच्या लिलावात व्यापारी एकेक ट्रॅक्टर बघत पुढे सरकतात ना, तसा पिकोनेटमधला (ब्लूटूथच्या छोट्या गटातला) मास्टर, म्हणजे गट चालवणारं उपकरण, त्याच्या जास्तीत जास्त 7 सक्रिय स्लेव्हना, म्हणजे बाकीच्या उपकरणांना, ‘काही पाठवायचंय का’ असं पाळीपाळीने विचारत जातो. फरक एवढाच की मास्टरला रिकाम्या ट्रॉलीपाशीही थांबावं लागतं. विचारण्यात एक स्लॉट (वेळेचा ठरलेला तुकडा), ‘काही नाही’ या उत्तरात दुसरा, म्हणजे 1250 मायक्रोसेकंद पाण्यात. कोणाला किती वेळा विचारायचं, इथूनच वाटपाचा प्रश्न सुरू होतो.

मुलाखतीत मला फळ्यावर त्रिकोण काढायला लावला. तीन उपकरणं, तीन जोडण्या. एका वेळी एक उपकरण एकाशीच बोलणार. प्रत्येक जोडणीला अर्धा वेळ देता येईल का? मी झटकन ‘हो’ म्हणाले, कारण प्रत्येक बिंदूवर, म्हणजे उपकरणावर, त्याच्या जोडण्यांच्या वेळांची बेरीज बरोबर 1 येते. पण एक जोडी बोलत असताना तिसरा गप्पच राहतो! मग प्रत्येकीच्या वाट्याला एक-तृतीयांशच येतो. नेटवर्कमध्ये विषम संख्येच्या बिंदूंचं चक्र नसेल तर नुसती बिंदूंवरची बेरीज तपासली तरी पुरतं. असेल तर नाही. मात्र कोणत्याही बिंदूवरची बेरीज दोन-तृतीयांशापेक्षा जास्त नसेल तर वेळापत्रक बसतंच. गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्या 1949 च्या, जोडण्यांना रंग देण्याच्या प्रमेयातून हे निघतं; एक रंग म्हणजे एकाच वेळी चालू शकणाऱ्या जोडण्या. अर्थात हे कागदावर. प्रत्यक्षात दोन पिकोनेटमध्ये ये-जा करणाऱ्या उपकरणाचे स्लॉट प्रत्येक अदलाबदलीत वाया जातात, कारण दोन्हीकडची घड्याळं जुळत नाहीत.

हे खडू हातात घेऊन, कोणी मध्येच टोकलं तरी, सांगता येईल इतकं घोटून ठेव. सिम्युलेशनचे आलेख इथे आल्यावरही काढता येतात. दाखल्याचं तसं नाही. सोमवारीच जाऊन स्पेलिंग बघून ये.