माणुसकीचा उकार ऱ्हस्व का?

‘माणूस’ आणि त्याच्या गोतावळ्यातल्या शब्दांबद्दल नाशिक परिसरातून आलेल्या पत्रांपैकी चार या अंकात.

प्रश्न : सोसायटीच्या फाटकाशेजारी जुने कपडे ठेवायला कप्पे केले आहेत. रंगाऱ्याने पाटीवर ‘माणूसकीची भिंत’ असे लिहिले. चालेल का? (इंदिरानगर)

नाही. ‘माणुसकी’ लिहायचे, णु ऱ्हस्व. ‘माणूस’मध्ये तो दीर्घ असतो तो जागेमुळे. मराठी अकारान्त शब्दात शेवटून दुसऱ्या अक्षराला इकार किंवा उकार असेल, तर तो दीर्घ लिहितात : कापूस, वकील, माणूस. ‘की’ जोडली की ते अक्षर शेवटून तिसरे होते आणि दीर्घत्वाचे कारणच उरत नाही. विभक्ती लागली तर उकार पार गळतो. तीन अक्षरी शब्दाचे पहिले अक्षर दीर्घ असेल, तर सामान्यरूपात मधल्या ई-ऊचा अ होतो : लाकूड-लाकडाला, बेरीज-बेरजेला, तसे माणूस-माणसाला. म्हणजे ‘माणूसाला’ हीही चूकच. ‘माणूसघाणा’, ‘माणूसपण’ यांत मात्र ‘माणूस’ अख्खा राहतो, दीर्घ उकारासकट.

पाटी नव्याने करायची गरज नाही. उकाराचे शेपूट फिरवायला बोटभर रंग पुरेल.

प्रश्न : नववीच्या मुलांना दया, भूतदया, माणुसकी आणि मानवता यांतला फरक कसा समजावावा? निबंधांत सगळे शब्द एकमेकांच्या जागी येतात. (शिक्षिका, निफाड)

व्याख्या सांगण्याआधी क्रियापदे लावायला सांगा, निम्मे काम तिथेच होते. दया येते, दया करता येते. माणुसकी ‘येत’ नाही आणि ‘करता’ही येत नाही. ती दाखवतात, सोडतात, तिला जागतात. जे मुळात आपल्यापाशी असते तेच सोडता येते. दुसरी कसोटी ‘नात्याने’ या शब्दाची. ‘माणुसकीच्या नात्याने मदत करा’ असे आपण सहज म्हणतो. ‘दयेच्या नात्याने’ कोणी म्हणत नाही. दयेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. माणुसकीत दोघे एकाच पातळीवर असतात. म्हणूनच वरच्या पत्रातली भिंत माणुसकीची आहे, दयेची नाही.

भूतदयेतले ‘भूत’ म्हणजे प्राणिमात्र. उन्हाळ्यात पाखरांसाठी गच्चीवर पाणी ठेवणे ही भूतदया, तिला माणुसकी म्हणणे ओढूनताणून होईल.

‘माणुसकी’चा एक जुना, वजनदार अर्थ पाठ्यपुस्तकी निबंधातून हरवतो, तो आवर्जून शिकवा. 1927चा महाडचा सत्याग्रह आणि 2 मार्च 1930 रोजी नाशिकला सुरू झालेला काळाराम मंदिर सत्याग्रह या काळातल्या मराठीत ‘माणुसकीचे हक्क’ हा शब्दप्रयोग भेटतो. तिथे माणुसकी म्हणजे कनवाळूपणा नव्हे. माणूस म्हणून गणले जाणे. पाणी आणि देवळाचा दरवाजा कोणी दया म्हणून मागत नव्हते. आज ज्याला ‘मानवी हक्क’ म्हणतो, त्यापेक्षा हा शब्द आम्हाला जास्त नेमका वाटतो. गावकी, भावकी या शब्दांतली ‘की’ही अशीच, त्यात आपण मोजले जातो.

‘मानवता’ संस्कृत घडणीची : मानव अधिक ता. ती सभेत, ठरावात, कायद्यात शोभते. ‘शेजारणीने मानवता दाखवून डबा दिला’ हे वाक्य व्याकरणाने शुद्ध आहे, पण कानाला खोटे लागते. उलट ‘मानवतावाद’ला पर्याय नाही. 1976च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने आलेल्या मूलभूत कर्तव्यांत तो शब्द आहे.

प्रश्न : भाषांतर करताना इंग्रजी ‘ह्युमॅनिटी’साठी प्रत्येक वेळी ‘मानवता’ वापरले तर काय बिघडते? (गंगापूर रोड)

‘हवामानबदलामुळे मानवता धोक्यात’ असा मथळा होतो आणि वाचकाला वाटते, लोक निर्दय होऊ लागले आहेत. इंग्रजीत एकाच शब्दावर भागवलेली कामे मराठीत वाटून दिलेली आहेत. सगळी माणसे अभिप्रेत असतील तर मानवजात, गुण असेल तर माणुसकी, विद्याशाखा असेल तर मानव्यविद्या. ‘मानवतेविरुद्धचे गुन्हे’ ही 1945च्या न्यूरेंबर्ग खटल्यांपासून रुळलेली कायद्याची संज्ञा आहे, तिला हात लावू नका.

विशेषण ‘मानवी’ घ्या. ‘मानवीय’ घडणीने चुकीचे नाही, पण ते बहुधा हिंदी मजकुरातून आलेले असते. ‘अमानुष’ आणि ‘अमानवी’ही वेगळे ठेवा : मारहाण अमानुष, भुताखेतांची शक्ती अमानवी.

समासात ‘मनुष्य’ की ‘मानव’? साधारण कल असा, की डोकी मोजायची तिथे मनुष्य (मनुष्यबळ, मनुष्यहानी, निर्मनुष्य रस्ता) आणि जात म्हणून बोलायचे तिथे मानव (मानववंशशास्त्र, मानव-बिबट्या संघर्ष). ‘मनुष्यस्वभाव’ हा कल मोडतो, तेव्हा याला नियम समजू नका. ‘सदोष मनुष्यवध’ आणि ‘खून’ मात्र अदलाबदल करण्याजोगे नाहीत. भारतीय न्याय संहितेत पहिल्याची शिक्षा कलम 105मध्ये, दुसऱ्याची 103मध्ये आहे. बातमीत आधी कलम पाहावे, मग शब्द निवडावा.

प्रश्न : ‘तो माणूस’, मग अनेकवचनात ‘ती माणसे’ का? (सिन्नर)

हा शब्द पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी असा दोन्ही चालतो. एकवचनात दोन्ही रूपे ऐकू येतात : ‘तो माणूस लबाड आहे’, पण ‘मोठं गोड माणूस!’ किंवा ‘आमचं माणूस दवाखान्यात आहे’. नपुंसकलिंग आले की जवळीक येते, आणि बाई की पुरुष हेही सांगावे लागत नाही. अनेकवचनात मात्र नपुंसक रूपच टिकले. ‘ते माणसे’ लिहू नका.