काळ्यावर निळं वाचायचं कसं? टर्मिनलच्या रंगांवर प्रश्नोत्तरे

प्रश्न : लिनक्सवर काळं टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, वापरतो. फाइलींची यादी दाखवणारी एलएस कमांड दिली की फाइलींची नावं स्वच्छ दिसतात, फोल्डरची निळी नावं मात्र डोळे ताणूनही लागत नाहीत. संध्याकाळनंतर तर गायबच. स्क्रीन गेला का? (विद्यार्थी, जुळे सोलापूर)

स्क्रीन ठणठणीत आहे, खर्चात पडू नका. काळ्यावर शुद्ध निळा ठेवला की कॉन्ट्रास्टचं (अक्षर आणि पार्श्वभूमीच्या उजळपणातल्या फरकाचं) प्रमाण जेमतेम २.४४ ला १ भरतं. वेबसाठीचे सुलभतेचे निकष, म्हणजे डब्ल्यूसीएजी, नेहमीच्या आकाराच्या अक्षरांना किमान ४.५ ला १ मागतात. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७. म्हणून निळा कितीही गडद, ठसठशीत वाटला तरी अक्षर उजळायला तो कामाचा नाही.

संध्याकाळचं म्हणाल तर तुमच्याकडे नाइट लाइट, म्हणजे पडदा पिवळसर करणारी रात्रीची सोय, आपोआप चालू होत असणार. तो नेमका निळाच कमी करतो. मुळात सात टक्के, त्यातही कपात!

आता उपाय. एलएस प्रत्यक्ष रंग पाठवतच नाही, ‘३४ नंबर’ एवढंच सांगतो. ३४ म्हणजे कोणती छटा, हे टर्मिनल ठरवतं. म्हणून एलएसच्या मागे न लागता टर्मिनलच्या प्रोफाइलमधलं (सेटिंग्जच्या संचातलं) पॅलेट, म्हणजे रंगांचा तक्ता, उघडा. ग्नोम टर्मिनलमध्ये आठ-आठ चौकोनांच्या दोन ओळी दिसतील. दोन्हींतला पाचवा चौकोन निळ्याचा. तिथे लाल ९५, हिरवा १७५, निळा २५५ असा आकाशी भरा, प्रमाण थेट ९ ला १ च्या आसपास जातं. दोन्ही ओळी बदला, कारण ठळक अक्षरांना काही टर्मिनलं खालच्या ओळीतली उजळ छटा लावतात. इथे एकदा बदललं की टर्मिनलमधल्या विम, गिट, ग्रेप अशा इतर साधनांचंही निळं सुधारतं. एलएसचे रंग ठरवणाऱ्या एलएस_कलर्स या व्हेरिएबलमध्ये डीआयची (फोल्डरची) किंमत ०१;३४ ऐवजी ०१;३६ केलीत तर फोल्डर मोरपिशी दिसतील खरे, पण फायदा मुख्यतः एलएसपुरताच.

विंडोजच्या जुन्या कन्सोलचा, म्हणजे तिथल्या कमांडच्या खिडकीचा, निळा तर याहून काळपट होता. मायक्रोसॉफ्टने तो २०१७ मध्ये उजळ केला, तोवर लोकांनी तसेच दिवस काढले.

प्रश्न : मला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. कोडमधले बदल दाखवणाऱ्या गिट डिफमध्ये काय काढलं, काय घातलं, यात गोंधळ होतो. ऑफिसमध्ये सांगायला संकोच वाटतो. (घरून काम करणारा प्रोग्रामर, विजापूर रोड)

सांगायची गरजच नाही, ही सेटिंग तुमच्या होम फोल्डरात राहते. गिट कॉन्फिगला ग्लोबल पर्याय देऊन कलर.डिफ.ओल्ड ‘यलो’ करा आणि कलर.डिफ.न्यू ‘ब्लू’. पिवळा-निळा फरक तुम्हाला सहसा स्पष्ट कळेल. मात्र निळा आधी वर सांगितल्याप्रमाणे उजळून घ्या. हा दोष बहुतेकदा एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांत जास्त आढळतो. तुमच्या टीममध्ये आणखी कुणी गप्प बसून ओळीच्या सुरुवातीची अधिक-वजा चिन्हं मोजत असेल, तर नवल नाही.

प्रश्न : लॅबमध्ये प्रोजेक्टरवर कमांड दाखवते, मागच्या बाकांवरच्या मुलांना काही दिसत नाही. (शिक्षिका)

एप्रिलच्या सोलापुरात दुपारी खिडक्यांतून जो उजेड आत येतो, त्यापुढे प्रोजेक्टरचा काळा हा काळा राहतच नाही. पडदा पांढरा, त्यावर उजेड, मग काळं येणार कुठून? प्रोजेक्टरसाठी वेगळं प्रोफाइल करा : पांढरी पार्श्वभूमी, काळी अक्षरं, फॉन्ट भरपूर मोठा. पण पॅलेट जुनंच ठेवलंत तर फसाल. चादरीच्या गावात हे वेगळं सांगायला नको, ताणा बदलला की तेच सूत निराळं दिसतं. पांढऱ्यावर शुद्ध पिवळ्याचं प्रमाण १.०७ ला १, म्हणजे अक्षर नाहीच. धोक्याच्या सूचना नेमक्या पिवळ्यात येतात. पॅलेटमधला पिवळ्याचा चौकोन गडद तपकिरी करा. शुद्ध निळ्याची चिंता नको, पांढऱ्यावर तो ८.५९ ला १ भरतो.

प्रश्न : टर्मिनलला सोलराइज्ड नावाची काळसर रंगसंगती (थीम) लावली आणि झेडशेलच्या ऑटोसजेशन्स या प्लगइनमधल्या, टाइप करताना पुढची कमांड सुचवणाऱ्या फिकट सूचना नाहीशा झाल्या. (एमआयडीसीतल्या कारखान्याचा सर्व्हर सांभाळणारा)

त्या आहेत, पार्श्वभूमीच्याच रंगात आहेत. हे प्लगइन सूचना ८ क्रमांकाच्या रंगात (मोजणी शून्यापासून), म्हणजे ‘उजळ काळ्या’त छापतं. सोलराइज्डने ती जागा गडद पार्श्वभूमीलाच देऊन टाकली आहे. पॅलेटच्या खालच्या ओळीतला पहिला चौकोन मध्यम राखाडी करा. थीम देखणी आहे, पण हा खोडसाळपणा मला कधी पटला नाही. व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरच्या टर्मिनलमध्ये ‘मिनिमम कॉन्ट्रास्ट रेशो’ मुळातच ४.५ असतो, तिथे अशी अक्षरं आपोआप उजळतात. मॅकवरच्या आयटर्म२ या टर्मिनलमध्येही तशी पट्टी आहे.

प्रश्न : माझी स्क्रिप्ट चूक झाली की लाल अक्षरं छापते. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर (पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणारा सहकारी म्हणतो, त्याला चूक झाल्याचं कळतच नाही. शिवाय लॉग फाइलमध्ये ‘[३१एम’ असला कचरा साठतो. (सिस्टिम ॲडमिन, अशोक चौक)

कचरा म्हणजे रंगाचे एस्केप कोड. ते टर्मिनलने गिळायचे असतात, फाइल ते जसेच्या तसे ठेवते. आउटपुट खरंच टर्मिनलकडे जातंय का हे स्क्रिप्टमध्ये आधी तपासा, बॅशमध्ये कसोटी ‘-टी १’. तुमच्या एलियसमध्ये (कमांडच्या टोपणनावात) मजकूर शोधणाऱ्या ग्रेपला रंग ‘ऑलवेज’ असेल तर ‘ऑटो’ करा. आणि नो_कलर हे व्हेरिएबल भरलेलं असेल तर रंग अजिबात छापू नका. २०१७ पासूनचा हा संकेत आज बरीच साधनं पाळतात.

सहकाऱ्याची तक्रार शंभर टक्के रास्त. स्क्रीन रीडर शब्द वाचतो, लाल रंग आपणहून सांगत नाही. ओळीच्या सुरुवातीलाच ‘चूक :’ छापा, रंग हवा तर त्यावर चढवा. लॉगमध्ये शोधायलाही तोच शब्द उपयोगी पडेल.