वाचक विचारतात: ठोकली कोणी आणि भरलं कोणी?

गेल्या अंकात फॉर्म्युला वनवर दोन पानी लेख छापला आणि त्यावर इतकी पत्रं, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप आले की हे सदर पूर्ण त्यावरच करावं लागतंय. आणि बहुतेकांना एकच गोष्ट विचारायचीये, गाड्या एकमेकांवर आदळतात तेव्हा चूक कोणाची, आणि स्पॉन्सरचे पैसे लागलेले असतात त्याचं काय होतं. मला स्वतःला हा विषय अतिशय जवळचा आहे त्यामुळे काही उत्तरं लांबलीत.

प्रश्न (कोल्हापूर): सर, आमच्या मित्रांमध्ये कित्येक वर्षं एकच वाद चालूये. जपानला सुझुकाच्या रेसमध्ये १९८९ ला प्रॉस्टने सेन्नाला मुद्दाम गाडी मारली का? आणि मग १९९० मध्ये सेन्नाने जे केलं ते बरोबर होतं का?

उत्तर: हा वाद सुझुकापासून नाही, त्याच्या सहा महिने आधी इटलीत इमोलाला सुरू झाला हे आधी लक्षात घ्या. प्रॉस्ट आणि सेन्ना दोघं मॅक्लॅरेन टीमचे ड्रायव्हर, एकच गाडी, एकच होंडा इंजिन, आणि आदल्या वर्षी १९८८ ला या टीमने १६ पैकी १५ रेस जिंकलेल्या म्हणजे बाहेरचं कोणी स्पर्धेत नव्हतंच, जे काही होतं ते घरातल्या घरात. इमोलाला दोघांचं ठरलं होतं की पहिल्या वळणाला जो पुढे असेल त्याला दुसऱ्याने छळायचं नाही. रेस थांबवून परत सुरू झाली, प्रॉस्ट पुढे गेला आणि सेन्नाने त्याला टोसाच्या वळणावर पास केलं. सेन्नाचं म्हणणं वेगळं, प्रॉस्टचं वेगळं, पण प्रॉस्टच्या मनातून तो तिथे जो उतरला तो उतरलाच.

मग २२ ऑक्टोबर १९८९, सुझुका. सेन्नाला चॅम्पियनशिप जिवंत ठेवायला जिंकणं भाग होतं, प्रॉस्ट पुढे होता, सातेक लॅप उरल्या होत्या, शेवटच्या शिकेनला, म्हणजे वेग कमी करायला केलेल्या नागमोडी वळणाला, सेन्ना आत घुसला आणि प्रॉस्ट वळला. दोन्ही गाड्या एकमेकांत अडकून गप्प उभ्या. प्रॉस्ट उतरून चालायला लागला. सेन्ना मात्र हात करून मार्शल्सना, म्हणजे ट्रॅकवरच्या मदतनिसांना, ढकला म्हणाला, इंजिन चालू झालं, एस्केप रोडवरून बाहेर आला, पिटमध्ये नवीन नाक बसवलं, तोवर पुढे गेलेल्या नॅनिनीला गाठून ओव्हरटेक केलं आणि रेस जिंकली! आणि मग शिकेन चुकवली म्हणून डिसक्वालिफाय. चॅम्पियन प्रॉस्ट. वर सेन्नाला एक लाख डॉलर दंड.

हेलिकॉप्टरमधून घेतलेलं चित्रण बघितलं तर प्रॉस्ट वळणाच्या जरा आधीच वळलाय हे मला तरी स्पष्ट दिसतं, पण तिथे वेग फार कमी होता, जीव जायची भीती नव्हती. १९९० ची गोष्ट वेगळीये. प्रॉस्ट आता फेरारीत. सेन्नाने पोल, म्हणजे सगळ्यात पुढून सुटायची जागा मिळवली, पण ती जागा ट्रॅकच्या घाणेरड्या बाजूला. घाणेरडी म्हणजे काय ते कार्टिंग ट्रॅकवर कधी चालून बघा, गाड्या ज्या रेषेवरून सारख्या जातात ती काळी आणि चिकट होते, आणि बाजूला धूळ आणि टायरचे वाटाण्याएवढे तुकडे साठतात, बूट ठेवला की पाय सरकतो. तसल्या ठिकाणाहून निघायचं आणि दोन नंबरचा माणूस स्वच्छ बाजूला! सेन्नाने बाजू बदला अशी विनंती केली, ती मानली नाही. प्रॉस्ट अर्थातच चांगला सुटला, आणि पहिल्याच वळणाला सेन्नाने पाय उचललाच नाही. अडीचशेच्या आसपास वेग, मागे बाकीच्या सगळ्या गाड्या येतायत. दोघं खडीत, आणि पॉइंटमध्ये आधीच पुढे असल्यामुळे सेन्ना चॅम्पियन. वर्षभराने त्याने स्वतः पत्रकारांसमोर कबूल केलं की ते ठरवून केलं होतं.

सेन्ना माझा लहानपणापासूनचा हिरो आहे आणि तरीही सांगतो, ते चूक होतं. त्याच्यावर अन्याय झाला होता हे खरं, पण मागून येणाऱ्या ड्रायव्हर्सनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? मित्रांना सांगा, १९९३ ला अ‍ॅडलेडला, प्रॉस्टच्या शेवटच्या रेसला, सेन्नाने त्याला हात धरून पोडियमच्या वरच्या पायरीवर ओढून घेतलं, आणि पुढच्या मे महिन्यात सेन्ना गेला तेव्हा त्याच्या शवपेटीला हात लावणाऱ्यांत प्रॉस्ट होता.

प्रश्न (नाशिक, दहावीतली वाचक): दादा, स्टुअर्ड्स ठरवतात कसं कोणाची चूक ते? मला तर प्रत्येक वेळी वेगळंच वाटतं.

उत्तर: तुला वाटतं त्यात तथ्य आहे. स्टुअर्ड्स म्हणजे रेसचे पंच. सध्याच्या सूचना अशा आहेत की आतल्या बाजूने ओव्हरटेक करणाऱ्याचा पुढचा अ‍ॅक्सल (पुढच्या चाकांचा आस) वळणाच्या पोटाशी पोचेपर्यंत निदान समोरच्याच्या आरशाच्या बरोबरीने आलेला हवा, तर त्याला जागा द्यायची. नसेल तर धडकेचा दोष आतल्याचा. दुसरं म्हणजे ते कृती बघतात, परिणाम नाही. २०२१ ला सिल्व्हरस्टोनला कॉप्सच्या वळणावर हॅमिल्टनचं चाक लागून व्हर्स्टॅपेन भिंतीवर गेला, ५१ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५१ पट फटका बसला, हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि हॅमिल्टनला दहा सेकंदांची पेनल्टी, ती भोगूनही तो जिंकला. लोक चिडले ते साहजिक होतं. पण समोरचा किती जोरात आपटला यावर शिक्षा ठरवायला लागलो तर तीच चूक एकाला माफ आणि दुसऱ्याला फाशी असं होईल, म्हणून मला हा नियम पटतो.

आता लायसन्सवर पेनल्टी पॉइंट पण बसतात, १२ महिन्यांत १२ झाले की एक रेस घरी. २०१४ पासून ही पद्धत आहे आणि पहिला घरी बसला तो मॅग्नुसन, २०२४ ला. पूर्वी काही ताळमेळच नव्हता. शूमाकरने १९९४ ला अ‍ॅडलेडला डेमन हिलला ठोकलं, एका पॉइंटने चॅम्पियन झाला, काही शिक्षा नाही. १९९७ ला हेरेझला परत एका पॉइंटने पुढे असताना व्हिलनवला ठोकलं, या वेळी स्वतःच खडीत अडकला आणि अख्ख्या वर्षाच्या चॅम्पियनशिपमधून त्याचं नाव काढून टाकलं.

प्रश्न (ठाणे): मी जाहिरात क्षेत्रात आहे. गाडी ठोकली की तीच क्लिप टीव्हीवर दहा वेळा दाखवतात, मग स्पॉन्सरचा फायदाच होत नाही का?

उत्तर: मार्लबोरोचंच बघा. १९९० ला सुझुकाला ज्या दोन गाड्या खडीत गेल्या, मॅक्लॅरेन आणि फेरारी, दोन्हींवर मार्लबोरो होतं. म्हणजे कोणी का जिंकेना, फोटोत तेच. सिगारेटवाल्यांना इतर ठिकाणी जाहिरातीला बंदी यायला लागली तसे ते इथे जास्त पैसे ओतायला लागले, लोटसने १९६८ ला आपला हिरवा रंग सोडून गोल्ड लीफ सिगारेटच्या पाकिटाचे रंग लावले तिथून ते चाललं ते थेट युरोपात २००५ ला बंदी येईपर्यंत.

पण सगळ्यांची गोष्ट मार्लबोरोसारखी नसते. स्पॉन्सर पैसे देतो ते गाडी पुढच्या रांगेत दिसावी म्हणून, आणि तुटलेली गाडी गॅरेजमध्ये गेली की उरलेला दीड तास त्याचं नाव स्क्रीनवर नाही. शिवाय टीमला बक्षिसाची रक्कम मिळते ती टीमच्या क्रमांकावर, ड्रायव्हरच्या नाही. २०२१ पासून खर्चाला मर्यादा आली, पहिल्या वर्षी १४.५ कोटी डॉलर, आणि अपघाताची दुरुस्ती त्याच पैशात बसवायची. सिल्व्हरस्टोनच्या त्या एका धडकेचा खर्च रेड बुलने १८ लाख डॉलर सांगितला होता. तेवढे पैसे नवीन पार्टवर लागले असते ते गेले भंगारात, आणि रात्रभर जागून गाडी परत जोडणारे मेकॅनिक वेगळेच.

प्रश्न (मडगाव): व्हेटेल आणि आपला नारायण कार्तिकेयन यांच्या भांडणात बरोबर कोण?

उत्तर: मलेशियातलं सेपांग, मार्च २०१२. व्हेटेल चौथा होता, नारायणला लॅप करत होता, म्हणजे एक अख्खी फेरी मागे टाकत होता, पास झाल्यावर लगेच समोर आला आणि नारायणच्या पुढच्या विंगने त्याचा मागचा टायर कापला. व्हेटेल अकरावा, शून्य पॉइंट, आणि रागात नारायणला नको ते बोलला. स्टुअर्ड्सनी नारायणलाच २० सेकंद लावले. मला ते जास्त वाटलं. लॅप होणाऱ्याने जागा द्यायची हे कबूल, पण पूर्ण पुढे गेल्याशिवाय आडवं यायचं नाही हे पण आहेच की.

प्रश्न (पुणे): एकाच टीमचे दोन ड्रायव्हर एकमेकांना का ठोकतात? टीम मालक गप्प कसे बसतात?

उत्तर: कारण बाकी १८-२० जणांसमोर हरलात तर गाडी कमी पडली म्हणता येतं, टीममेटसमोर हरलात तर काहीच म्हणता येत नाही. पुढच्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट त्या एकाच तुलनेवर ठरतं. हॅमिल्टन आणि रोझबर्ग लहानपणी कार्टिंगमध्ये एकत्र राहिलेले, आणि २०१६ ला बार्सिलोनाला पहिल्याच लॅपला दोन्ही मर्सिडीज खडीत. मालक गप्प बसत नाहीत हो, नियम करतात, पण हेल्मेटच्या आत नियम किती शिरतो हा प्रश्न आहे. मॅक्लॅरेनने दोघांना सांगून ठेवलं होतं की एकमेकांना लागू द्यायचं नाही, तरी २०२५ ला कॅनडात रेस संपत आलेली असताना नॉरिसने मागून पियास्ट्रीला ठोकलंच. त्याने लगेच चूक मान्य केली हे मला फार आवडलं.

प्रश्न (नागपूर): फोर्स इंडियाबद्दल कोणी लिहीतच नाही. आपल्या देशाचं नाव असलेली टीम, ती गेली कुठे? आणि पेरेझ-ओकॉनने तिचं वाटोळं केलं हे खरं का?

उत्तर: तुमचं पत्र वाचून खरंच बरं वाटलं कारण मी पण त्या टीमसाठी रविवारच्या रविवार जागा राहिलोय. २००७ ला विजय मल्ल्यांनी भागीदारासोबत स्पायकर टीम विकत घेतली आणि २००८ पासून ती फोर्स इंडिया झाली, कारखाना मात्र इंग्लंडमध्ये सिल्व्हरस्टोनलाच. २००९ ला बेल्जियममध्ये स्पाला त्यांच्या फिसिकेलाने पोल घेतली आणि दुसरा आला. २०११ ला सहारा आली, १० कोटी डॉलर देऊन. कमी पैशात इतकी हुशार टीम मी दुसरी बघितली नाही, २०१६ आणि २०१७ दोन्ही वर्षी चौथ्या नंबरवर.

२०१७ ला ऑस्ट्रियाची पाण्याची कंपनी बीडब्ल्यूटी आली आणि सीझन सुरू व्हायच्या तोंडावर गाड्या गुलाबी झाल्या. आत बसलेले दोघं बघा. पेरेझच्या मागे मेक्सिकोचे बडे स्पॉन्सर. ओकॉनचे वडील मेकॅनिक, पोराच्या रेसिंगसाठी आई-वडिलांनी घर विकलेलं, पुढे मर्सिडीजने हात दिला. दोघांनाही मोठ्या टीमची सीट हवी आणि मधे फक्त दुसरा उभा.

अझरबैजानमध्ये बाकूला त्या वर्षी रेसमध्ये नुसता गोंधळ होता, हॅमिल्टनचं हेडरेस्ट सैल झालं, व्हेटेलला पेनल्टी, पुढचे सगळे मागे पडले. अशा दिवशी फोर्स इंडिया पोडियमवर नक्की होती, मी तर जिंकली असती म्हणेन. आणि रीस्टार्ट झाल्यावर दुसऱ्या वळणातून बाहेर पडताना ओकॉनने पेरेझला भिंतीवर दाबलं. पेरेझची रेस तिथेच संपल्यात जमा, ओकॉन सहावा. मी टीव्हीसमोर उभा राहिलो आणि किती वेळ बसलोच नाही. तिसरा कोण आला माहितीये? विल्यम्समधला लान्स स्ट्रोल. मग स्पाला दोघं एकाच रेसमध्ये दोनदा भिडले, ओ रूजच्या वळणाला जाताना भिंत आणि टीममेट यांच्यामध्ये गाडी, बघवत नव्हतं, त्यानंतर टीमने दोघांची एकमेकांशी झुंजायची मोकळीक काढून घेतली.

पण वाटोळं त्यांनी केलं नाही. त्या वर्षी १८७ पॉइंट आणि चौथा नंबर आलाच. टीम बुडाली ती वर मालकांचे पैसे आटल्यामुळे. जुलै २०१८, हंगेरीच्या रेसचा वीकेंड चालू असताना टीम अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये, म्हणजे कर्जात बुडालेली कंपनी वाचवायच्या कायदेशीर प्रक्रियेत गेली, आणि ती प्रक्रिया सुरू केली खुद्द पेरेझने, त्याचेच पैसे थकले होते आणि दुसऱ्या कोणी टीमच बंद पाडायच्या आत हे केलं तर चारशेवर लोकांच्या नोकऱ्या वाचतील म्हणून. लॉरेन्स स्ट्रोलच्या गटाने ती घेतली, म्हणजे बाकूला पोडियमवर उभ्या राहिलेल्या पोराचे वडील. जमवलेले ५९ पॉइंट पुसले गेले, नाव रेसिंग पॉइंट झालं, २०२१ पासून अ‍ॅस्टन मार्टिन. लान्स आला आणि ओकॉनची सीट गेली.

प्रश्न (मुंबई): मग त्या टीमचं आपल्याकडे काहीच राहिलं नाही?

उत्तर: राहिलं ना. २०११ मध्ये फोर्स इंडियाने 'वन फ्रॉम अ बिलियन' नावाने देशभरात कार्टिंगमधून पोरं शोधली, त्यात निवडलेल्या तिघांपैकी एक मुंबईचा जेहान दारूवाला, तेव्हा जेमतेम १३ वर्षांचा. तो पुढे फॉर्म्युला वनच्या खालच्या पायरीपर्यंत, फॉर्म्युला टूपर्यंत गेला आणि ६ डिसेंबर २०२० ला बहारीनला, साखीरच्या छोट्या बाहेरच्या ट्रॅकवर, फॉर्म्युला टूची रेस जिंकणारा पहिला भारतीय झाला. त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर संध्याकाळी फॉर्म्युला वनची रेस होती. पहिल्याच लॅपला लक्लेअरने पेरेझला ठोकलं आणि पेरेझ पार शेवटी गेला. तिथून एकेक गाडी मागे टाकत तो रेस जिंकला, आयुष्यातली पहिली, १९० व्या सुरुवातीला, त्याच गुलाबी गाडीत. दुसरा ओकॉन, तिसरा स्ट्रोल.