आयसीयूतल्या पेशंटच्या रक्तातली बुरशी लवकर कशी ओळखतात? कल्चरला चार-पाच दिवस का?

अँटिबायोटिक चालू असूनही ताप हटत नाही आणि बुरशीच्या रिपोर्टसाठी थांबायला सांगितलंय, असं तुम्ही लिहिलंय. आयसीयूत रक्तात सापडणारी बुरशी बहुतेकदा कॅन्डिडा असते, म्हणून आधी तिच्याबद्दल.

महागड्या टेस्टआधी मी एकच विचारेन: कल्चरच्या बाटलीत, म्हणजे जिच्यात रक्तातले जंतू वाढवून बघतात तिच्यात, रक्त किती घातलं? कॅन्डिडाच्या पेशी रक्तात फार विरळ असतात, कधी मिलीलीटरमागे एकही नाही. मोठ्या माणसाला दर बाटलीत ८ ते १० मिली हवं, दोन वेगवेगळ्या जागांहून, बुरशीचं औषध सुरू करण्याआधी. दोन मिलीवर आलेल्या निगेटिव्हला काय अर्थ? नीट घेतलं तरी कल्चर साधारण निम्म्याच केसेस पकडतं. आणि रात्री काढलेली बाटली सकाळपर्यंत काउंटरवर पडून राहिली, तर तेवढे तास गेलेच.

बुरशी पुरेशी वाढली की मशीनमधली बाटली वाजते, बहुधा दोन-तीन दिवसांत. तेव्हा लगेच ग्रॅम स्टेन करायचा, म्हणजे तिच्यातला थेंब रंगवून मायक्रोस्कोपखाली बघायचा: बॅक्टेरियापेक्षा कितीतरी मोठ्या, जांभळ्या, लंबगोल पेशी, एखादीला कोंब फुटलेला. पाऊण तासाच्या आत हे कळतं आणि लॅबने ते तिथल्या तिथे फोनवर सांगायला हवं. बाटलीतला थेंब प्लेटवर लावून तिथे वाढ दिसेपर्यंत गप्प बसणं म्हणजे आणखी एक दिवस फुकट. असे दिवस जमूनच रिपोर्ट चार-पाच दिवसांवर जातो. पुढे बुरशीची नेमकी जात ओळखायला माल्डी-टॉफ या मशीनला काही मिनिटं पुरतात. मात्र त्याची लायब्ररी, म्हणजे जाती ताडून बघायचा साठा, जुनी नको, नाहीतर कॅन्डिडा ऑरिस ही जात भलत्याच नावाने निघते. आणि ऑरिसवर फ्लुकोनाझोल हे बुरशीचं नेहमीचं औषध बहुतेकदा चालत नाही.

बीटा-डी-ग्लुकन (बुरशीच्या पेशीभिंतीतला घटक) शोधणारी रक्ताची टेस्ट काही तासांत होते, पण लॅब ती कोणत्या दिवशी लावते ते विचारून घ्या. तिचा खरा उपयोग निगेटिव्ह आल्यावर: औषध थांबवायला आधार मिळतो. पॉझिटिव्हवर डोळे झाकून विश्वास नको. अल्ब्युमिन, इम्युनोग्लोब्युलिन, ऑपरेशनमधला गॉझ, काही डायलिसिस फिल्टर, यांनीही आकडा चढतो.

म्युकर, म्हणजे ‘काळी बुरशी’, मात्र या टेस्टला दिसत नाही. तिथे बाधित भागाचा तुकडा काढून केओएच माउंट करायचा, म्हणजे केओएचच्या द्रावात ठेवून मायक्रोस्कोपखाली बघायचा. रुंद, रिबिनीसारखे धागे त्याच दिवशी दिसतात. कल्चरला लावताना तो तुकडा वाटायचा नाही, बारीक चिरायचा. वाटला की धागे मरतात आणि प्लेट कोरी राहते.

थुंकीत किंवा लघवीत नुसती कॅन्डिडा आली, तर घाबरू नका. बहुतेकदा ती तिथे नुसती वस्तीला असते. पेशंटचं बीपी मात्र घसरत असेल, तर बाटल्या भरून झाल्याबरोबर डॉक्टर एकायनोकॅन्डिन गटातलं बुरशीचं औषध सुरू करतात, रिपोर्टची वाट न पाहता.