उतारावर गिअर निसटतो

प्रश्न : जुन्या लष्करी शक्तिमान ट्रकचा गिअरबॉक्स उघडलाय. उतारावर दुसरा गिअर सुटायचा. भंगारातला गिअर बसवू का? – एक वाचक, खडकी

उत्तर : वा, शक्तिमान! जबलपूरला जर्मन ‘मान’ कंपनीच्या परवान्यावर बनायचा. गिअरचं नंतर बघू. आधी सिलेक्टरची, म्हणजे गिअर निवडणाऱ्या दांड्याची, गोळी-स्प्रिंग (तीच गिअर जागेवर धरते) आणि गिअर सरकवणाऱ्या फोर्कची झीज तपासा. बहुतेकदा चोर तिथेच सापडतो. गिअर अडकवून धरणाऱ्या डॉग दातांच्या कडा गोल झाल्या असतील, तर मात्र गिअर बदलाच. पण जोडीदार गिअरसकट, एकाच बॉक्समधला. सुटा घेतलात तर बोंबलेल. जुन्या बाजारात ‘सेम टू सेम, साहेब’ म्हणतील, तुम्ही दात मोजा! बेअरिंग भंगारातलं अजिबात नको. रिंगवरचा नंबर वाचून पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात, नवंच मागा. गिअरबॉक्सच्या आत गिअरचा वेग जुळवणाऱ्या पितळी रिंगा असतील तर ‘जीएल-४’ दर्जाचं गिअर तेल घाला.